वाळू, गवत आणि मेण

घोड्यांच्या शर्यती हा विषय मराठी मध्यमवर्गीय घरात बोलायचा नसतो. 'तो रेस खेळतो' हे वाक्य 'तो घेतो' या वाक्याच्या शेजारीच बसतं आणि दोन्ही आवाज उतरवूनच म्हटली जातात. आमच्याकडे रेस खेळणारा म्हणजे मामा. (मामी, तू हे वाचतेयस हे मला माहीत आहे. पण आता तो ऐंशीच्या पुढे गेलाय, जाऊ दे.) सरकारी नोकरी, ठरलेला पगार, आणि जुलै ते ऑक्टोबर पुण्याच्या रेसकोर्सवर ठरलेल्या रकमेच्या वर एक पैसाही न लावण्याचा नियम. तो नियम त्याने खरंच पाळला की नाही हे मामीलाच ठाऊक.

मी दहा-अकरा वर्षांची असताना तो मला तीन-चार वेळा घेऊन गेला होता. तिथे बाकी लोक पुस्तकात डोकं घालून घोड्याचे आई-बाप, जॉकी, मागच्या पाच शर्यती बघायचे. मामा आधी छत्रीचं टोक हिरवळीत खुपसून बघायचा. किती सहज आत गेलं, बाहेर काढताना माती चिकटून आली का, भोकात पाणी साचलं का. प्रेक्षकांच्या बाजूच्या हिरवळीवरून प्रत्यक्ष ट्रॅकचं काय कळणार, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पुढे कळलं की अधिकृतपणेही जवळपास हेच करतात. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून टाकून सळई किती आत गेली हे मोजायचं. त्या यंत्राला पेनिट्रोमीटर म्हणतात आणि त्याचा आकडा शर्यतीच्या आधी जाहीर होतो. म्हणजे मामाचं शास्त्र बरोबर होतं, फक्त उपकरण पावसाळी होतं :)

'आधी जमीन वाच, मग घोडा' असं तो म्हणायचा. हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान. या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं ते त्यामुळेच. पुढे मी अशा ठिकाणी जाऊन पडले की जिथे जमीन वाचणं हा पोटापाण्याचा धंदा आहे.

आपल्याकडची शर्यत गवतावरची. पुण्यात पावसाळ्यातली, महालक्ष्मीला हिवाळ्यातली. महालक्ष्मीला इंडियन डर्बीच्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारीत, पाऊस नसतो. गवताला पाणी पाजून ट्रॅक जपलेला असतो, त्यामुळे जमीन टणक आणि एकसारखी. पुण्यात ऑगस्टमध्ये तोच घोडा धावतो तेव्हा खुराखाली स्पंज असतो. प्रत्येक झेपेला पाय बाहेर उपसायला जोर लागतो. हलक्या चालीचा, जमिनीला जेमतेम शिवून पळणारा घोडा तिथे दमतो, आणि दांडगा, गुडघे उचलून पळणारा घोडा अचानक मोठा होतो. त्यात आतल्या कठड्याजवळचं गवत आधी तुडवलं जातं. म्हणून कधी कधी तात्पुरता कठडा घालून घोड्यांना बाहेरच्या ताज्या गवतावर ढकलतात. तो किती मीटर बाहेर घातलाय हे मामा वहीत लिहून ठेवायचा. (भाजीचा हिशोब त्याने आयुष्यात कधी लिहिला नाही.)

गवतावरच्या शर्यतीची एक लय असते. सुरुवातीला कोणी घाई करत नाही. घोळका जमतो, जॉकी लगाम आवळून बसतात, घोडे एकमेकांच्या मागे वारा चुकवत पळतात. शेवटच्या वळणावर सगळं सुटतं. मग चारशे मीटर जे काही होतं ती शर्यत. आधीचा सगळा भाग म्हणजे आलाप. मला वाटायचं शर्यत म्हणजे हेच.

मग लग्नानंतर २००६ साली आम्ही केंटकीत, लेक्सिंग्टनला गेलो. नवऱ्याच्या नोकरीमुळे. तिथे पोचेपर्यंत मला माहीत नव्हतं की हे जगातल्या शर्यतीच्या घोड्यांचं माहेर आहे. गावाबाहेर पडलं की मैलोन् मैल लाकडी कुंपणं आणि घोड्यांच्या पैदाशीचे मळे. मामाला फोनवर सांगितलं तेव्हा तो काही क्षण बोललाच नाही. आपली भाची पंढरपुरात राहायला गेली आणि तिला विठ्ठल माहीत नाही, असं काहीसं.

अमेरिकेतल्या मोठ्या शर्यती डर्टवर होतात. शब्द ऐकून मला आखाड्यातली तांबडी माती आठवली होती, पण तसं नाही. खाली घट्ट दाबलेला पाया, आणि वर तीन-चार इंच वाळू, गाळ आणि थोडी चिकणमाती यांचं मिश्रण. ते दोन शर्यतींच्या मधे नांगरल्यासारखं फणीने भुसभुशीत करतात आणि पाणी मारतात. गवतावर इतक्या शर्यती घेता येत नाहीत, गवत फाटतं. आठवड्यातून चार-पाच दिवस, दिवसाला आठ-दहा शर्यती लावायच्या तर डर्टच हवं. म्हणून बहुतेक ठिकाणी बाहेरचा मोठा ट्रॅक डर्टचा आणि आत गवताचा. शिवाय तिथे डावीकडे वळत पळतात, आपल्या महालक्ष्मीला उजवीकडे. पहिल्या दिवशी मला सगळं आरशात बघितल्यासारखं वाटलं.

पण खरा फरक दिशेचा नाही. डर्टवर खूर टेकला की किंचित पुढे सरकतो, मग रुततो, मग मागे ढकलतो. आणि मागे ढकलताना वाळूचा मारा मागच्याच्या तोंडावर. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने छातीवर, नाकावर, डोळ्यांवर ढेकळं. जॉकी चार-चार गॉगल एकावर एक चढवून बसतात आणि चिखल झाला की एकेक खाली ओढत जातात. घोड्याला ती सोय नाही. काही घोडे तोंडावर मारा झाला की पळणंच सोडतात. त्यामुळे डर्टवर पुढे असणं हाच मोठा फायदा. दार उघडलं की सुसाट सुटायचं, कठडा पकडायचा आणि मागच्यांना वाळू खायला लावायची. शेवटी सगळेच दमलेले असतात. जो सर्वात कमी हळू होतो, तो जिंकतो. शेवटच्या शंभर मीटरमध्ये कोणी वेग वाढवल्यासारखा दिसला तर बहुतेक वेळा तो वाढवत नसतो, बाकीचे मंदावत असतात.

पाऊस पडला की डर्टचं गणित आणखी गमतीचं. आपण चौपाटीवर चालतो ते आठवा. कोरड्या वाळूत पाय रुततो, लाटेने नुकत्याच ओल्या झालेल्या पट्ट्यावर सायकलही चालते, आणि पाण्यात गेलं की परत पचपच. डर्टचंही तसंच. पावसाचा अंदाज असला की जड रूळ फिरवून पृष्ठभाग दाबून बंद करतात, म्हणजे पाणी आत न मुरता वरून वाहून जावं. वर पाण्याचा थर दिसत असतो पण खालचा भाग टणक राहतो आणि वेळा चांगल्या येतात. मामाला हे पटायला दोन फोन लागले. त्याच्या लेखी ओलं म्हणजे जड.

आम्ही पोचलो त्याच वर्षी लेक्सिंग्टनच्या कीनलँड रेसकोर्सने सगळं डर्ट उपसून काढलं आणि पॉलिट्रॅक नावाची कृत्रिम जमीन घातली. वाळू, कापडाचे धागे, रबराचे तुकडे, आणि या सगळ्यावर मेणाचा लेप. पाणी खाली निघून जातं, चिखल होत नाही, तोंडावरचा माराही कमी. इंग्लंडमध्ये लिंगफील्डला २००१ पासून ती होती. केंटकीतल्याच टर्फवे पार्कने २००५ मध्ये घातली. मी ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा रांगेत माझ्यापुढे उभे असलेले म्हातारे गृहस्थ अगदी सुतकी चेहऱ्याने म्हणाले, की चाळीस वर्षांत जे शिकलो ते सगळं त्यांनी ट्रकमध्ये भरून नेलं. जुनं कीनलँड आतला कठडा पकडून पुढे पळणाऱ्यांसाठी प्रसिद्ध होतं. त्या ज्ञानावर कित्येकांचं घर नाही तरी बिअर चालत असे.

मग आला २००७ चा एप्रिल. ब्लू ग्रास स्टेक्स ही कीनलँडची मोठी शर्यत, नऊ फर्लांगांची, केंटकी डर्बीच्या तीन आठवडे आधीची. मी हजर होते. स्ट्रीट सेन्स नावाचा घोडा सगळ्यांचा लाडका. दार उघडलं आणि... काहीच झालं नाही. सगळे नुसते रमतगमत. पहिल्या अर्ध्या मैलाला एक्कावन्न सेकंदांच्या वर लागले. डर्टवर त्या दर्जाचे घोडे हेच अंतर चार-पाच सेकंद आधी उरकतात. माझ्या बाजूचे लोक घड्याळाकडे बोट दाखवून हसायला लागले. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. हा तर पुण्याचा आलाप! शेवटी घोळका एकदम सुटला, पाच घोडे जवळपास एका रेषेत आले, आणि डॉमिनिकनने स्ट्रीट सेन्सला नाकभर अंतराने हरवलं.

तीन आठवड्यांनी लुईव्हिलला चर्चिल डाउन्सच्या डर्टवर डर्बी झाली. तोच स्ट्रीट सेन्स, तोच जॉकी कॅल्व्हिन बोरेल. वीस घोडे. या वेळी पुढच्यांनी अर्धा मैल सेहेचाळीस सेकंदांच्या आसपास मारला आणि स्ट्रीट सेन्स एकोणिसावा होता. बोरेल त्याला कठड्याला घासून आत घेऊन आला, पुढचे एकेक करून विझत गेले, आणि तो सव्वादोन लांबींनी जिंकला. डॉमिनिकनचा पत्ता नव्हता. त्या रात्री (भारतात सकाळ) मामाला फोन केला. तो म्हणाला, "घोडा तोच ना? मग तीन आठवड्यांत बदललं ते काय? जमीन." आणि चहा प्यायला निघून गेला.

एवढ्यावर नियम करायला जावं तर घोडे तो मोडतात, तो भाग मला सगळ्यात आवडतो. कर्लिन हा २००७ आणि २००८ अशा दोन्ही वर्षांचा अमेरिकेचा सर्वोत्तम घोडा. २००७ ची ब्रीडर्स कप क्लासिक त्याने मॉनमथ पार्कच्या रबडीत जिंकली. पुढच्या वर्षी तीच शर्यत कॅलिफोर्नियात सँटा अनिटाला, प्रो-राइड नावाच्या कृत्रिम जमिनीवर झाली आणि तो चौथा आला. पहिले दोन, रेव्हन्स पास आणि हेन्रीदनॅव्हिगेटर, दोघेही युरोपातून आलेले, गवतावर वाढलेले. कृत्रिम जमिनीवर खूर फारसा सरकत नाही, गवतासारखा पटकन पकड घेतो, त्यामुळे गवताळ घोड्यांना ती मानवते हे त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. २००९ मध्ये त्याच जमिनीवर झेन्याटाने क्लासिक जिंकली, सर्वात मागून येऊन. २०१० मध्ये चर्चिल डाउन्सच्या डर्टवर ती सुरुवातीला इतकी मागे पडली की कॅमेऱ्यात मावेना, आणि तरीही ब्लेमकडून फक्त मुंडीभर अंतराने हरली. वीस शर्यतींतली तिची ती एकच हार, आणि तीच शेवटची शर्यत. लोक अजून वाद घालतात की जमीन तीच असती तर... असो.

उलटंही होतं. सिगार नावाचा घोडा गवतावर अकरा वेळा पळून एकदाच जिंकला होता. १९९४ मध्ये त्याला परत डर्टवर आणला आणि तो लागोपाठ सोळा शर्यती जिंकला, त्यात १९९६ ची पहिली दुबई वर्ल्ड कपही. अ‍ॅनिमल किंगडम २०११ च्या डर्बीआधी डर्टवर एकदाही पळाला नव्हता, जिंकला. २०१३ मध्ये दुबईला टपेटा नावाच्या कृत्रिम जमिनीवर वर्ल्ड कपही जिंकला. आणि सेक्रेटेरियट! १९७३ मध्ये डर्टवर बेलमाँट एकतीस लांबींनी जिंकलेला हा प्राणी त्याच वर्षी शेवटच्या दोन शर्यती गवतावर पळला आणि दोन्ही जिंकला. त्याला जमीन वाचायची गरज नव्हती, जमीनच त्याला वाचत असावी.

इथपर्यंतचं सगळं मामाबरोबर हसत बोलता येतं. पुढचं येत नाही.

हा मेणाचा उद्योग कोणाला वेगळ्या पद्धतीची शर्यत बघायची हौस होती म्हणून झाला नाही. घोड्यांचे पाय मोडत होते म्हणून झाला. घोडा एका बोटावर, खरं तर एका बोटाच्या नखावर उभा असतो. पुढच्या पायाला गुडघ्याच्या खाली स्नायू नाहीत, फक्त हाड, कंडरा आणि कातडी. साडेचारशे-पाचशे किलोचं धूड चौखूर उधळतं तेव्हा प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो की सगळं शरीर पुढच्या एकाच पायावर असतं, आणि त्या पायावर वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. जमीन कुठे मऊ, कुठे कडक असेल तर हिशोब संपला. २००६ चा डर्बी विजेता बार्बारो दोनच आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये मागचा पाय मोडून थांबला. आठ महिने उपचार झाले, २००७ च्या जानेवारीत त्याला झोपवावं लागलं. त्याच वर्षी, २००६ मध्ये, कॅलिफोर्नियाने आपल्या मोठ्या रेसकोर्सना कृत्रिम जमीन सक्तीची केली होती.

२००८ ची डर्बी आम्ही मित्रांकडे टीव्हीवर पाहिली. टोप्या, पुदिन्याचं पेय, बायकांचे फुलाफुलांचे कपडे, सगळा थाट. एट बेल्स नावाची घोडी दुसरी आली. शर्यत संपल्यावर, वेग कमी करताना, तिचे पुढचे दोन्ही घोटे मोडले. तिला तिथेच ट्रॅकवर मारावं लागलं. त्या खोलीत आवाज बंद करायला कोणाला रिमोट सापडेना. ती डर्बी डर्टवर होती. डर्टमुळेच झालं असं कोणी सिद्ध केलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण त्या दिवसापासून मी आकडे बघायला लागले.

आकडे आता उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २००८ मध्ये दुखापतींची नोंद ठेवायला सुरुवात केली. २००९ मध्ये दर हजार धावांमागे २.०० घोडे मरत होते, २०२३ मध्ये १.३२. आणि जमिनीप्रमाणे वेगळे केले की बहुतेक वर्षं एकच क्रम दिसतो: डर्टवर सर्वात जास्त, गवतावर त्याहून कमी, कृत्रिम जमिनीवर सर्वात कमी.

आणि तरीही काय झालं? सँटा अनिटाने २०१० च्या डिसेंबरमध्ये डर्ट परत आणलं. तिथे कारण तरी होतं, पाणी निचरेना म्हणून शर्यतींचे दिवस बुडाले होते आणि कॅलिफोर्नियाच्या उन्हात मेण सकाळी एक वागायचं, दुपारी दुसरं. पण कीनलँड २०१४ मध्ये परत डर्टवर गेलं, डेल मारने २०१५ मध्ये तेच केलं, दुबईनेही २०१५ ची वर्ल्ड कप डर्टवर घेतली. डर्बी डर्टवर, म्हणून डर्बीचे उमेदवार ब्लू ग्रासला येईनात. पैदास सगळी डर्टवरच्या वेगासाठी केलेली. पैसे लावणाऱ्यांना अंदाज लागेना. रांगेतले ते आजोबा जिंकले म्हणायचे. (आणि २०१८-१९ च्या हिवाळ्यात सँटा अनिटाला, खूप पावसाच्या मोसमात, सहा महिन्यांत तीसच्या आसपास घोडे गेले. देशभर गदारोळ झाला, मग नियम कडक झाले.)

मामाशी यावर आमचं भांडण आहे. तो म्हणतो, त्या मेणावर सगळे घोडे सारखे होतात, मग बघायचं काय? जमीन फसवते म्हणून तर घोडा कळतो. मी म्हणते, फसवण्याची किंमत तू देत नाहीस. तो म्हणतो, गवतावर कोणी मरत नाही का? मरतात, कमी मरतात. इथे तो गप्प होतो आणि मामीला हाक मारून चहा मागतो. त्याच्या बाजूनेही एक खरी गोष्ट आहे, ती मी नाकारत नाही. नुसती जमीन बदलून भागत नाही. कीनलँड परत डर्टवर गेलं ते निचऱ्याची नवी व्यवस्था करून. मिक पीटरसन नावाचे एक संशोधक यांत्रिक खूर जमिनीवर आपटून तिची कडकपणा आणि पकड मोजत फिरतात. नीट राखलेलं डर्ट आणि कसंही राखलेलं डर्ट यात मोठा फरक आहे. पण नीट राखलेल्याची कृत्रिमशी तुलना केली तरी माझं मन एका बाजूलाच झुकतं.

आम्ही २०१० मध्ये पुण्याला परत आलो. शर्यती मी अजूनही बघते, इंटरनेटवर. टर्फवे आणि टोरांटोचं वुडबाइन, दोन्हीकडे आता टपेटा आहे, आणि गवत जिथे असेल तिथलं. डर्टवरची बघत नाही. केंटकी डर्बी २००८ नंतर एकदाही पाहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी निकाल वाचते, सगळे घोडे सुखरूप परतले का ते आधी, कोण जिंकलं ते नंतर. मामाच्या मते हे एकादशीला साबुदाण्याची खिचडी ओरपण्यासारखं आहे. असेलही. मागच्या पावसाळ्यात त्याचा डोळा बिघडला तेव्हापासून पुण्याच्या शर्यतींचं पान मीच त्याला वाचून दाखवते. सुरुवात पेनिट्रोमीटरच्या आकड्यापासून करावी लागते, नाहीतर तो पुढचं ऐकत नाही.